चौदा नंबरचा चर

रंताऊ गलाम हे गाव वैदेही निफाडकरने पहिल्यांदा पाहिलं ते जुलै २०२२ मध्ये, एका अरुंद होडीतून. पुढे पाम मळ्याचा मॅनेजर बसला होता, मागे ती, आणि तिच्या मांडीवर माती काढायच्या लोखंडी नळ्यांची पिशवी.

वैदेही मूळची नाशिकची. मातीशास्त्रात पीएच.डी. करायला म्हणून मिनेसोटात आली, ती एकतीस वर्षं तिथेच राहिली. ईडन प्रेरीमधल्या एका मोठ्या फूड कंपनीत ती नोकरीला होती. कंपनीच्या बिस्किटांत पाम तेल पडायचं आणि त्यातलं बरंचसं बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियातल्या भागातून यायचं. तेल जिथून येतं तिथली माती आणि पाणी तपासायचं, आजूबाजूच्या गावांशी बोलायचं आणि परत येऊन अहवाल लिहायचा, हे तिचं काम. नवरा विनय तिला गमतीने ‘बिस्किटांची इन्स्पेक्टर’ म्हणायचा.

रंताऊ गलाम हे बंजार लोकांचं गाव. नाव ऐकून आपल्याला बंजारे आठवतात, पण त्यांचा यांचा काही संबंध नाही. हे बोर्निओच्या याच भागातले, दक्षिण कालिमंतानमधले, दलदलीच्या पाण्यावर जगणारे लोक. घरं लाकडी खांबांवर, घराघरांना जोडणारे फळ्यांचे रस्ते आणि मधोमध पत्र्याच्या घुमटाची मशीद. वर्षातले सहा महिने गावाला पाण्याचा वेढा. तेव्हा मासे धरायचे. उरलेले सहा महिने पाणी जसजसं मागे हटेल तसतशी त्याच्या मागोमाग भाताची रोपं लावत जायचं. बायका पुरुन नावाचा लव्हाळा कापून आणायच्या, मुसळाने कांडून चपटा करायच्या आणि त्याच्या चटया विणायच्या.

वैदेही गेली तेव्हा यातलं अर्धंअधिक संपलं होतं. पामच्या झाडांना कोरडी जमीन लागते, म्हणून मळेवाल्यांनी दलदलीत चर खणून पाणी नदीला काढून दिलं होतं. चरांना नंबर होते. गावाच्या पश्चिमेला, शेवटच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता तो चौदा नंबरचा.

गावकऱ्यांशी बोलताना मॅनेजर हजर नसावा असा कंपनीचा नियम होता. त्यामुळे दुभाषी म्हणून मदरशातली इंग्रजीची मास्तरीण आली. तिचं नाव नोरहयाती, सगळे तिला याती म्हणत. सव्वीस वर्षांची, किरकोळ अंगाची, हिरवा हिजाब. इंग्रजी तुटक, पण बोलणं सरळ. फळ्यांवरून चालता चालता तिने आधी वैदेहीचं वय विचारून घेतलं.

“चौपन्न? मग तुम्हाला ‘काका’ नाही म्हणता येणार. मोठ्या बहिणीला आम्ही काका म्हणतो.”

वैदेहीला हसू आलं. “आमच्यात काका म्हणजे वडिलांचा भाऊ.”

“मग आचिल म्हणते. आचिल म्हणजे आईची धाकटी बहीण.”

“म्हणजे मावशी,” वैदेही म्हणाली. यातीने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, पण तिला तो जमला नाही. त्यामुळे वैदेही आचिलच राहिली.

तीन दिवस दोघी गावभर हिंडल्या. यातीने तिला शाळा दाखवली. सर्वांत वरच्या वर्गात नऊ मुली होत्या. पुढच्या वर्षी यातल्या किती शिकतील, असं वैदेहीने विचारलं. यातीने बोटांवर मोजलं आणि “दोन, कदाचित,” म्हणाली. पुढची शाळा होडीने दोन तासांवर होती, आणि चर झाल्यापासून कोरड्या महिन्यांत होडी चिखलात रुतायची. मुलींची लग्नं व्हायची. मुलगे मळ्यावर फळं तोडायला जायचे, नाहीतर किनाऱ्यावर कोळशाच्या बंदरात.

“तू कशी शिकलीस मग?”

“माझ्या वेळी पाणी होतं ना,” याती म्हणाली.

तिचा नवरा रुस्लान मळ्यावरच कामाला होता. उंच, लाजाळू माणूस. वैदेही घरी आली की तो तीन वर्षांच्या सलमाला कडेवर घेऊन बाहेर जाऊन उभा राहायचा. यातीची आई मस्निआ मात्र बोलकी होती. पहाटे पाचपासून तिचं मुसळ सुरू व्हायचं.

तिसऱ्या दिवशी वैदेहीने चौदा नंबरच्या चराजवळ जमिनीत नळी घातली. दलदलीतली ही माती म्हणजे हजारो वर्षं कुजत साचलेला पालापाचोळा. ओली असली की स्पंजासारखी, आणि सुकली की जळण. चाळीस सेंटिमीटरवर पाणी लागायला हवं होतं. एक मीटरपर्यंत नळी गेली तरी माती कोरडीच वर आली. वैदेहीने ती हातात चुरून पाहिली. मस्निआ शेजारी उभी होती. तिने त्यातला मुठीएवढा गोळा उचलला, घरात नेला आणि चुलीतल्या निखाऱ्यावर ठेवला. ज्वाळा अशी आलीच नाही. थोड्या वेळाने कडेने लाल रेघ फिरायला लागली आणि धूर आला. गोळा आतून जळत गेला.

मस्निआ काहीतरी म्हणाली. यातीने सांगितलं, “आई म्हणते, आम्ही चुलीवर झोपतो.”

निघताना याती होडीपर्यंत आली. “तुम्ही हे लिहाल ना, आचिल?”

“लिहीन,” वैदेही म्हणाली.

आणि तिने लिहिलं. ‘पश्चिमेकडील धोका गंभीर. येत्या कोरड्या हंगामापूर्वी चर क्रमांक चौदा बांध घालून बंद करावा.’ एवढी दोन वाक्यं लिहायला तिला आठवडा लागला. त्यांच्यामागे मोजमापांची बावीस पानं होती.

तिचा बॉस होता देवांग. देवांग म्हणजे नीनाचा मुलगा. नीना आणि वैदेही एकाच वर्षी मिनेसोटात आलेल्या, एका अपार्टमेंटमध्ये वरखाली राहिलेल्या. नीनाची रात्रपाळी असायची तेव्हा देवांगला वैदेहीने वरणभात भरवलेला. आता तो चौतीस वर्षांचा डिरेक्टर होता. ऑफिसात तो तिला ‘वैदेही’ म्हणायचा आणि मंडळाच्या कार्यक्रमात ‘मावशी’. काही हवं असलं की मात्र ऑफिसातही मावशी व्हायची.

त्या सप्टेंबरात नीनाकडे गणपतीची आरती होती. आरती झाली, पानं मांडायला सुरुवात झाली, तेव्हा देवांगने तिला गराजमध्ये बोलावलं. पन्नास-साठ जोडे-चपला पसरलेल्या होत्या. दोघं त्यांच्यामध्येच उभे राहिले.

“मावशी, तुझा रिपोर्ट वाचला. ग्रेट वर्क. पण ‘गंभीर’ हा शब्द नको.”

“का?”

“‘गंभीर’ लिहिलं की लीगल ऑटोमॅटिकली सप्लायर सस्पेंड करणार. इट्स अ ट्रिगर. मग काय होईल? तो माल दुसरं कुणीतरी घेईल, जो एकही प्रश्न विचारत नाही. आपण तिथे असलो तर प्रेशर टाकू शकतो. आपण सोडलं की तिथे बघायलाही कुणी उरणार नाही.”

“अरे, पण ते गंभीरच आहे. मी हाताने चुरली ती माती.”

“आय नो. मी खोटं लिही म्हणत नाहीये. ‘मध्यम’ लिही. आणि चर तीन वर्षांत, फेजेसमध्ये बंद करायचा. मळेवाले ॲग्री झालेत. मावशी, तीन वर्षांत का होईना, बंद होईल. तू हट्ट धरलास तर कधीच होणार नाही.”

आतून नीनाने हाक मारली, “अरे, मोदक गार होतायत! काय सिक्रेट चाललंय तुमचं?”

वैदेही म्हणाली, “विचार करते.” आत येऊन तिने दोन मोदक खाल्ले.

पुढच्या गुरुवारी तिने बदललेल्या अहवालावर सही केली. कुणी धमकी दिली नव्हती, कुणी लालूच दाखवली नव्हती. देवांगचं म्हणणं तिला त्या दिवशी खरंच पटलं होतं, निदान पटल्यासारखं वाटलं होतं. यातीला तिने मेसेज केला की चर तीन वर्षांत बंद होणार आहे. यातीने उत्तर दिलं, “थँक यू, आचिल,” आणि पुढे हात जोडलेलं चित्र.

पुढच्या जून महिन्यात कॅनडातल्या वणव्यांचा धूर मिनेसोटावर उतरला. एका बुधवारी ईडन प्रेरीचं आकाश भरदुपारी पिवळं झालं. विनयला दमा होता. वैदेहीने खिडक्या लावून घेतल्या, हवा शुद्ध करायची दोन यंत्रं चालू केली आणि त्याला बाहेर पडू दिलं नाही. टीव्हीवर सांगत होते की हे वर्ष जगभर कोरडं जाणार आहे. ती सोफ्यावर बसून ऐकत होती. मग उठून वरच्या खोलीत गेली आणि तिने देवांगला मेल लिहिलं, चौदा नंबरच्या चराचा पहिला टप्पा कुठवर आलाय ते विचारणारं. उत्तर आलं, ‘सप्लायरशी बोलणं चालू आहे.’ ऑगस्टमध्ये तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं.

आग लागली ती सप्टेंबरच्या अठरा तारखेला, चौदा नंबरच्या चराच्या काठाने. वैदेहीला ते कळलं दहा दिवसांनी. सकाळी सातला, ती ऑफिसला निघायच्या बेतात असताना यातीचा व्हिडिओ कॉल आला. तिथे रात्रीचे आठ वाजले होते. यातीच्या तोंडावर मास्क होता. मागे इस्पितळाचा कॉरिडॉर दिसत होता.

“आचिल, रुस्लान भाजला.”

वैदेही हातातली पर्स न ठेवताच खुर्चीत बसली.

मळेवाल्यांनी आपल्या कामगारांनाच आग विझवायला पाठवलं होतं. पाठीवर पाण्याची टाकी, पायात रबरी बूट. वर काही दिसत नव्हतं, नुसतं जळून काळं झालेलं गवत. रुस्लान चालत असताना त्याच्या पायाखालची जमीन बसली. खाली माती आतल्या आत जळत होती. तो मांडीपर्यंत निखाऱ्यात गेला. दोघांनी त्याला ओढून काढलं तेव्हा बूट त्याच्या पायांना चिकटले होते.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“उद्या सांगतो म्हणतात. रोज उद्या सांगतो म्हणतात.”

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आगीनंतर अकराव्या दिवशी, रुस्लान गेला. तो एकोणतीस वर्षांचा होता.

वैदेहीने ऑफिसात कुणालाही सांगितलं नाही. विनयलाही नुसतं, गावातला एक जण गेला, एवढंच म्हणाली. चार दिवस ती वेळेवर कामाला गेली, मीटिंगा केल्या. पाचव्या दिवशी तिने गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी केली आणि तिला उतरताच येईना. तासभर तशीच बसून ती घरी परतली.

ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा फोन आला. या वेळी याती घरी होती. मस्निआ तिच्यामागे भिंतीला टेकून बसली होती, रिकाम्या हातांनी. आगीत पुरुनची सगळी वाढ जळून गेली होती, कांडायला काही नव्हतंच.

“आचिल, मामाला पकडून नेलंय,” याती म्हणाली. “हमदान मामाला. मळेवाले म्हणतात, गावानेच भाताच्या जमिनीसाठी आग लावली. मामाचं शेत चराला लागून आहे.”

“त्याने लावली?”

“आग लागली त्या दिवशी तो सकाळपासून आमच्या घरी होता. पण लावली त्याआधी, असं म्हणतात. पोलिसांपुढे त्यांनी एक कागद ठेवला. अमेरिकन कंपनीचा. त्यात लिहिलंय की इथे धोका मध्यम होता. म्हणजे आपोआप काही पेटणार नव्हतं, कुणीतरी मुद्दाम लावली.” ती थांबली. “त्या कागदावर तुमचं नाव आहे.”

याती पुढे बोलत राहिली.

“तुम्ही माती काढली तेव्हा मी शेजारी होते. आईने ती चुलीत जाळून दाखवली. तुम्ही पाहिलं. मग तुम्ही मध्यम कसं लिहिलं?”

यातीच्या आवाजात राग नव्हता. वर्गात मुलीला चूक विचारावी तसं तिने विचारलं होतं.

“मी आधी गंभीर लिहिलं होतं,” वैदेही म्हणाली. “मग बदललं.”

“कुणी सांगितलं म्हणून?”

“सांगितलं कुणीतरी. पण सही मी केली.”

याती पडद्याजवळ सरकली. मग तिने विचारलं, “तो आधीचा कागद आहे तुमच्याकडे?”

होता. वैदेहीच्या लॅपटॉपवर, तारखेसकट, बावीस पानांसकट.

त्या संध्याकाळी तिने विनयला सगळं सांगितलं. गराज, मोदक, सही, सगळं. विनय इंजिनिअर होता, कुठल्याही गोष्टीत तो आधी बिघाड शोधायचा. तो म्हणाला, “कॉन्फिडेन्शियल डॉक्युमेंट आहे ते. पाठवलंस तर नोकरी जाईल. कदाचित केसही करतील.”

“हो.”

“दोन वर्षांनी रिटायर होणार होतीस. आणि नीना? तीस वर्षांची मैत्री आहे. देवांगचं नाव येणारच यात.”

“हो.”

“नाही पाठवलंस तर?”

“मला काहीच होणार नाही,” वैदेही म्हणाली. “तो हमदान आत राहील.”

विनयने चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळे चोळत म्हणाला, “मग मला कशाला विचारतेस? पाठव.”

तिने पाठवला. लपूनछपून नाही, स्वतःच्या मेलवरून, स्वतःच्या नावाने. सोबत एक पान लिहिलं, की मूळ निष्कर्ष हा होता, तो नंतर बदलण्यात आला, आणि बदललेल्या मजकुरावर मी सही केली ही माझी चूक आहे. यातीला पाठवला आणि बंजारमासिन शहरातल्या, हमदानची केस घेतलेल्या वकिलालाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात जाऊन देवांगच्या केबिनचं दार लावलं आणि त्याला सांगितलं.

देवांग पांढरा पडला. आधी तो इंग्रजीत बोलला, भराभरा, कराराबद्दल, कायद्याबद्दल. मग एकदम थांबला.

“मावशी, तू माझं नाव घेतलंस?”

“नाही. सही माझी होती.”

“दे विल फाइंड आउट. ईमेल्स आहेत.”

“असतील.”

“तू मला आधी सांगायचं होतंस! वी कुड हॅव फिक्स्ड इट!”

“देवांग, तो माणूस मेला. फिक्स करायचं काय राहिलंय?”

त्याने चेहरा खिडकीकडे वळवला. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी पहिल्या बर्फाचा थर गाडीच्या काचेवरून खरवडून काढत होतं. तो हळूच म्हणाला, “मला वाटलं होतं तीन वर्षं मिळतील. आय रिअली थॉट सो.” तो खोटं बोलत नव्हता, हे वैदेहीला कळलं. त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

दुपारपर्यंत तिचं ओळखपत्र काढून घेतलं होतं. केस झाली नाही. गाजावाजा नको म्हणून कंपनीच्या वकिलांनी तिच्याकडून पुढे काही न बोलण्याची सही घ्यायचा प्रयत्न केला. तिने ती केली नाही. देवांगला जानेवारीत दुसऱ्या विभागात हलवलं, आणि उन्हाळ्याच्या आत तो स्वतःच नोकरी सोडून नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलला गेला. नीनाने एकदाच फोन केला. “त्याला तू हाताने भरवलंयस गं,” एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. त्यानंतर देवळात समोर आली तरी ती दुसरीकडे बघायची.

कागदाचा उपयोग झाला. मार्चमध्ये हमदान सुटला. पाच महिने आत राहून आलेला तो साठीचा माणूस नीट चालतही नव्हता, पण सुटला. त्या दिवशी यातीने गावातून व्हिडिओ पाठवला. लोक त्याला होडीतून उतरवून घेताहेत, मस्निआ भावाच्या तोंडावरून हात फिरवतेय. वैदेहीने तो विनयला दाखवला. त्या रात्री ती कितीतरी महिन्यांनी सलग झोपली.

एप्रिलमध्ये दुसरी बातमी आली. कंपनीने पत्रक काढलं. बोर्निओतल्या संबंधित पुरवठादाराबाबत गंभीर बाबी निदर्शनास आल्याने त्याच्याकडून होणारी सर्व खरेदी तात्काळ थांबवण्यात येत आहे. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. एका पर्यावरण संस्थेने अभिनंदनही केलं. विनयने तिला बातमी वाचून दाखवली आणि म्हणाला, “बघ, तुझ्यामुळे झालं हे.”

“हो,” वैदेही म्हणाली. “माझ्यामुळेच.”

तिला कळत होतं की आता काय होणार. अमेरिकन गिऱ्हाईक गेल्यावर मळ्याच्या तेलगिरणीने आधी गावाचं फळ घेणं बंद केलं. रंताऊ गलाममधल्या बहुतेक घरांची स्वतःची थोडी पामची झाडं होती. मासे गेल्यापासून त्यांच्यावरच भागत होतं. फळं झाडाखाली कुजायला लागली. मग मळ्याने निम्मे मजूर काढले, गावातले आधी. मग मळाच विकला गेला, कुणाला ते यातीलाही शेवटपर्यंत नीट कळलं नाही. नव्या मालकाला कुठल्याच अहवालाचं, कुठल्याच तीन वर्षांच्या टप्प्याचं बंधन नव्हतं. चर मोकळाच राहिला. बांध घालायला सांगणारंही कुणी उरलं नाही.

देवांग गराजमध्ये नेमकं हेच म्हणाला होता. वैदेहीने स्वतःशी ते कबूल केलं, आणि तरीही कागद पाठवायला नको होता असं तिला एकदाही वाटलं नाही. दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी राहिल्या. ती सकाळी उठायची, विनयला चहा करून द्यायची, मग बोर्निओतल्या संस्थांना, मंत्रालयांना, विद्यापीठांना मेल लिहीत बसायची. चराचा नकाशा जोडायची, मोजमापं जोडायची. काहींची आभाराची उत्तरं यायची. एका संस्थेने माणूस पाठवला. तो फोटो काढून गेला.

गाव रिकामं होत गेलं. याती फोनवर सांगायची ते ऐकून वैदेहीला घरं पाठ झाली होती. मशिदीशेजारचं घर बंद झालं, सगळे बंदरावर गेले. फळ्यांच्या रस्त्याच्या टोकाला राहणारी दोघं भावंडं मलेशियाला गेली. शाळेत सर्वांत वरचा वर्ग भरलाच नाही, मग मदरशाने यातीला सांगितलं की इंग्रजीच्या मास्तरीणबाईची आता गरज नाही.

ऑक्टोबर २०२४. ईडन प्रेरीत झाडं लाल झाली होती, सकाळी दव गोठायला लागलं होतं. सातला फोन वाजला. याती होडीच्या धक्क्यावर उभी होती. रुस्लान गेल्यापासून ती घालत असलेला काळा हिजाब आज नव्हता, निळा होता. पायाशी एक बॅग होती.

“आचिल, मी उद्या सकाळी निघते. आता फक्त सामान चढवायला आले. कोळशाच्या बंदरात, कामगारांच्या कॅम्पमध्ये स्वयंपाकाचं काम मिळालंय.”

“आणि सलमा?”

“ती आईजवळ. कॅम्पमध्ये मुलं चालत नाहीत.”

“किती दिवस?”

यातीने खांदे उडवले. “शाळेत बसायची वेळ आली की नेईन म्हणते तिला. बंदरात शाळा आहे.” मग म्हणाली, “तिथे तीनशे माणसं जेवतात. इंग्रजी कुणाला लागत नाही.”

वैदेहीला कितीतरी दिवसांपासून विचारायचं होतं. आता नाही विचारलं तर कधीच विचारता येणार नाही असं तिला वाटलं.

“याती, तुला माझा राग येतो?”

मागून कुणीतरी होडीत पोती टाकल्याचा आवाज आला.

“येतो,” ती म्हणाली. “त्या सहीचा येतो. मग तो आधीचा कागद पाठवलात त्याचा नाही येत. मामा घरी आहे.” तिने डोळे पुसले नाहीत, पण ती क्षणभर बाजूला पाहत राहिली. “पण आचिल, तुम्ही दर आठवड्याला फोन करता, गाव कसं आहे विचारता, आणि मला सांगावं लागतं. मी सांगते आणि मग दिवसभर मला काम होत नाही. आता काही दिवस नका करू फोन. मी करीन.”

“बरं,” वैदेही म्हणाली. “बरं, बाळा.”

मस्निआने फोन हातात घेतला. तिला इंग्रजी येत नव्हतं. सलमा तिच्या कमरेला धरून उभी होती, आता पाच वर्षांची, वडिलांसारखी उंच होणार अशी. मस्निआ पडद्याला तोंड लावून मोठ्याने काहीतरी म्हणाली. यातीने बाजूने सांगितलं, “आई विचारते, जेवलात का?”

“सांग तिला, अजून नाही. इथे आता सकाळ आहे.”

यातीने सांगितलं. मस्निआने मान हलवली, काय कळलं कोण जाणे, आणि फोन बंद झाला.

विनय स्वयंपाकघरात पोहे करत होता. वैदेही येऊन टेबलाशी बसली. त्याने तिच्यासमोर ताटली ठेवली, तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता समोर बसला. तिने थोडे खाल्ले. मग नेहमीच्या सवयीने लॅपटॉप ओढला, एका मंत्रालयाला लिहायचं मेल उघडलं आणि चराची मोजमापं पुन्हा एकदा पहिल्यापासून टाइप करायला घेतली.

थंडी संपून वसंत आला तरी यातीचा फोन आला नव्हता. वैदेहीनेही केला नाही.